अर्क : औषध आणि मद्य

मराठी घरात ‘अर्क’ हा शब्द मोठ्या विश्वासाने वावरतो. ओव्याचा अर्क, पुदिन्याचा अर्क, बडीशेपेचा अर्क असे म्हणताना कोणाच्या मनात मद्याची शंकाही येत नाही. उलट, आम्ही राहतो त्या बंगळुरात ‘अरॅक’ म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते साराईचे दुकान. उच्चार इतके जवळचे असून अर्थ इतके दूर कसे गेले, हे पाहण्यासारखे आहे.

अरबी भाषेत ‘अरक’ म्हणजे घाम. भट्टीवर भांडे चढवावे, आतील द्रवाची वाफ व्हावी आणि ती थंड होऊन थेंबाथेंबाने ठिबकावी; त्या थेंबांस घामाची उपमा ज्यास सुचली त्याची दृष्टी मार्मिकच म्हटली पाहिजे. संस्कृतात ‘अर्क’ म्हणजे सूर्य, किंवा रुईचे झाड. भट्टीतून उतरलेले सत्त्व हा अर्थ त्यास मागाहून चिकटला, आणि रावणाच्या नावावर चालणाऱ्या ‘अर्कप्रकाश’ या वैद्यकग्रंथाने तर तो शीर्षकातच मिरवला.

लेबनॉन, सिरिया या प्रदेशांत याच शब्दाने मद्याचा वेश घेतला. तेथे द्राक्षांचा रस आंबवून त्याचा मद्यार्क काढतात, आणि अखेरच्या खेपेस भट्टीत अनिसून नावाची बारीक शेप घालून तो पुन्हा गाळतात. मग मातीच्या रांजणांत तो मुरू देतात. हे पेय काचेसारखे स्वच्छ असते. परंतु त्यात पाणी पडताच ते दुधासारखे पांढरे होते. यात जादू नाही. शेपेतील सुगंधी तेल मद्यार्कात विरघळते, पाण्यात विरघळत नाही. पाणी वाढले की ते सूक्ष्म बिंदूंच्या रूपाने वेगळे होऊन सर्वत्र पसरते. तुर्कस्थानातील राकीचेही असेच होते, आणि तेथील रसिक तिला कौतुकाने ‘सिंहाचे दूध’ म्हणतात.

आता आपल्याकडे पाहावे. युनानी हकिमांचा ‘अर्क-ए-बादियान’ म्हणजे बडीशेपेचाच अर्क. बडीशेप पाण्यात भिजवून, भट्टीवर चढवून, वाफ थंड करून तो काढतात व पोटाच्या तक्रारींवर देतात. बादियान हे बडीशेपेचे फारसी नाव. आपल्या मसाल्यातील ‘बाद्यान’ मात्र चक्रीफूल होय. ते चीनकडील एका वृक्षाचे फळ. अनिसून, बडीशेप आणि चक्रीफूल या तिघांच्या वासाचे मूळ एकाच तेलात आहे. म्हणजे भट्टीची रीत तीच, वासही तोच. भांड्यात आंबवलेला रस होता की साधे पाणी, एवढ्यावर औषध आणि मद्य यांची वाट फुटली.

गोव्यात हा शब्द ‘हुर्राक’ झाला. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेस उतरतो तो हुर्राक. तो पुन्हा गाळला की फेणी. कर्नाटकात ‘अरॅक’ हे नाव गरिबाच्या स्वस्त साराईस लागले.

भट्टीस जो भेद ठाऊक नाही तो राज्यसंस्थेस करावा लागतो. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो बव्हंशी उचलून धरला. परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांवरील बंधने रद्द ठरविली. पुढे १९५५ साली अशा पदार्थांवरील अबकारी कराचा केंद्रीय कायदा झाला, आणि जी आयुर्वेदीय औषधे मद्य म्हणून पिता येतात व जी येत नाहीत, त्यांत त्याने फरक केला. २०१७ साली हा कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. आम्ही केंद्र सरकारचे कारकून. आमच्या फायलींत औषध आणि मद्य कधी एकत्र बसत नाहीत. पण माणसाचे जीवित फायलींप्रमाणे चालत नाही.

जुलै १९८१ मध्ये बंगळूर व आसपास विषारी दारूने तीनशेहून अधिक माणसे दगावली. १ जुलै २००७ पासून कर्नाटकाने अरॅकची विक्री बंद केली. बंदीस वर्षही पुरे झाले नव्हते, तोच मे २००८ मध्ये कर्नाटक-तमिळनाडूत पुन्हा दीडशेहून अधिक बळी गेले. या मृत्यूंस कारण झाले मिथिल अल्कोहोल. ते कारखान्यांच्या उपयोगाचे विष. चोरट्या दारूत ते मिसळले की पिणाऱ्यास वासावरून वा चवीवरून ओळखता येत नाही.

दारूने ज्यांचे संसार धुळीस मिळाले त्या स्त्रियांची बंदीची मागणी आम्हांस पूर्णपणे न्याय्य वाटते. तथापि दुकान बंद झाले म्हणजे तहान बंद होत नाही, आणि चोरवाटेने येणाऱ्या भांड्यात काय आहे हे तपासणारा कोणी नसतो. हकिमाच्या अर्काची बाटली आपण निःशंक मनाने घेतो, कारण ती कोणी व कशी काढली हे माहीत असते. बंदी घालणाऱ्या शासनाने ही खात्री गरिबाच्या पेल्यापर्यंत कशी पोहोचवावी, किंवा तो पेला त्याच्या हातून कसा सुटावा, या दोहोंपैकी एकाचे तरी उत्तर दिल्याखेरीज कायद्याचे काम पुरे झाले असे आम्हांस म्हणवत नाही.