मांजराला ‘ये’ आणि ‘बस’ कसं शिकवायचं?

नंदुरबारच्या शहादा, तळोदा तालुक्यांत उसाच्या शेतांत बिबट्याचा वावर असतो. तिथे संध्याकाळी एका हाकेत घरात येणारं मांजर जास्त सुरक्षित.

मांजर स्वतःचं नाव ओळखतं, असं जपानी संशोधक अत्सुको साइतो यांच्या २०१९ मधील अभ्यासात दिसलं. पण खाऊ मिळाला तरच ते येण्याची सवय लागते.

ये : जेवणाआधी जवळून नाव घेऊन ‘ये’ म्हणा. आलं की लगेच उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचा छोटा तुकडा द्या. अंतर हळूहळू वाढवा.

बस : तुकडा नाकासमोरून डोक्यामागे न्या. मान वर जाते, मांजर आपोआप बसतं.

सराव दोन-तीन मिनिटंच करा. ‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागावू नका. पुढच्या हाकेला ते येणार नाही.