धनुर्वाताचे पाच प्रश्न

मुलुंडला आमच्या चाळीमागे लाकडाची एक वखार होती. तिथे हुंदडताना एकदा माझ्या टाचेत खिळा घुसला. आईने जखम धुतली, हळद दाबली आणि त्याच पावली मला डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शन द्यायला लावले. "गंजका खिळा होता हो," एवढेच ती म्हणत होती. दोष गंजाचा नसून मातीचा असतो, हे मला फार पुढे कळले. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि गुरांच्या शेणात बीजरूपाने वर्षानुवर्षे पडून असतात. जिथे वारा पोचत नाही अशा खोल जखमेत ते वाढतात आणि विष सोडतात.

धनुर्वात हे नावच मोठे बोलके आहे. आपण कोपर वाकवतो तेव्हा दंडाचा पुढचा स्नायू आखडतो आणि मागचा आपोआप सैल पडतो. त्याला सैल पाडणारा लगाम मज्जारज्जूत असतो. धनुर्वाताचे विष नेमका हा लगामच निकामी करते. मग सारे स्नायू एकदम ताठतात. दातखीळ बसते, पाठीचे स्नायू बलवान म्हणून त्यांची सरशी होते आणि माणूस धनुष्यासारखा मागे वाकतो. दार वाजले तरी झटका येतो. शुद्ध मात्र शाबूत असते. तो बिचारा सारे भोगत असतो. छातीचे स्नायू आखडले, की प्राणावर बेतते.

या विषावरचा उतारा बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० सालीच दाखवून दिला होता. पण एकदा मज्जातंतूंत शिरलेले विष त्या उताऱ्याने निघत नाही. त्याचा अंमल ओसरायला आठवडे लागतात. तोवर रोग्याला जगवायचे कसे, हा खरा प्रश्न. स्नायू सैल करणाऱ्या औषधांची गरज पडते ती इथे.

दक्षिण अमेरिकेतील आदिवासी बाणाला कुरारे नावाचे विष लावत. त्याने स्नायू सैल पडतात खरे, पण श्वासाचे स्नायूही त्यातच आले! म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. १९४६ साली मेफेनेसिन आले, पुढच्या दशकात क्लोरप्रोमाझीन आले. १९५४ साली डेन्मार्कच्या डॉक्टरांनी कुरारेने रोग्याला पुरते सैल पाडून यंत्राने श्वास देण्याची रीत प्रसिद्ध केली. पण अशी यंत्रे आणि ती रात्रंदिवस सांभाळणारी माणसे आपल्याकडे कुठून आणायची?

आता त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. १९५० साली अंधेरी-घाटकोपरचा पट्टा आणि १९५७ साली थेट दहिसर-मुलुंडपर्यंतचा मुलूख महापालिकेच्या हद्दीत आला. या उपनगरांत भातशेती होती, भाजीचे मळे होते, म्हशींचे तबेले होते. अनवाणी पायाला काटा, खिळा, पत्रा लागणे हे रोजचेच. अशा या शहरात, परळच्या के. ई. एम. रुग्णालयातले डॉ. जे. सी. पटेल आणि त्यांचे सहकारी डॉ. जी. जी. जोग यांनी १९५९ साली एक साधा निबंध प्रसिद्ध केला. त्यात नवे औषध नव्हते. होते ते पाच प्रश्न.

दातखीळ बसली आहे का? झटके येतात का? जखमेनंतर सात दिवसांच्या आत लक्षणे दिसली का? पहिल्या लक्षणापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत झटके सुरू झाले का? दाखल होताना किंवा पुढच्या चोवीस तासांत ताप आहे का? जितकी 'होय' उत्तरे, तितका रोगी वरच्या पायरीवर. पाचवी पायरी सर्वांत कठीण. साधन काय, तर एक थर्मामीटर आणि नातेवाइकांची जबानी!

तुम्ही म्हणाल, यात मोठे ते काय? मोठे हे, की तोवर सौम्य रोगी बरा झाला की श्रेय औषधाला मिळे आणि कठीण रोगी दगावला की दोष नशिबाला जाई. आता समान पायरीवरचे रोगी समोरासमोर ठेवून औषध जोखता येऊ लागले. मोजक्या खाटांपुढे आधी धावायचे कोणाकडे, हेही ठरू लागले. १९६३ साली धनुर्वातावरील पहिली आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली. पुढे १९९९ साली पटेल आणि मेहता यांनी ८,६९७ रोग्यांचा अभ्यास छापला. डायझेपाम बाजारात आले तेही १९६३ सालीच. विषाने निकामी केलेल्या लगामाला हे औषध थोडे बळ देते, आणि पुढे धनुर्वातात ते नित्याचे झाले. जे. जे. रुग्णालयात डॉ. फारुख उदवाडिया यांनी अतिदक्षता विभागात १५० रोग्यांवर उपचार केले. तेथे मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले, असे त्यांच्या १९८७ च्या निबंधात आहे. औषधाला यंत्राची आणि जागत्या परिचारिकेची जोड मिळाली, त्याचे हे फळ.

पक्षाघातानंतर ताठलेल्या हातापायांसाठी आज घरोघरी बॅक्लोफेन देतात. स्विस कंपनी सिबाने ते १९६२ साली अपस्मारासाठी बनवले होते. तिथे ते फसले आणि इथे उपयोगी पडले. पण कोणाला आणि किती, हा पटेल-जोगांचा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. मात्रा वाढली तर उभे राहण्याचे बळच जाते. आणि बरे वाटले म्हणून गोळी एकाएकी बंद करू नका. त्याने जिवाला धोका होतो.

माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून जवळजवळ हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. ते श्रेय मात्र स्नायू सैल करणाऱ्या औषधांचे नव्हे. लशीचे आणि स्वच्छ बाळंतपणाचे. माती तर कुठे गेलेली नाही. म्हणून पटेल-जोगांच्या पाच प्रश्नांना मी घरच्यासाठी सहावा जोडतो: धनुर्वाताची लस शेवटची कधी टोचली? दहा वर्षे उलटली असतील, किंवा आठवतच नसेल, तर खिळा लागण्याची वाट पाहू नका.