कालवड कुठे संपते?

पशुगणनेचे आकडे वापरणार असाल, तर आधी 'कालवड' हा शब्द तपासा. गावात याचा हिशोब वयावर नसतो. व्याली नाही तोवर कालवड, पहिलं वेत झालं की गाय. मग ती तीन वर्षांची असो की पाच. (म्हशीची असेल तर वगार.)

वय की वेत, हा पेच जुनाच आहे. शुक्ल यजुर्वेदाच्या 18व्या अध्यायातली गुरांची यादी पाहा: त्र्यवी दीड वर्षाची, दित्यौही दोन, पंचावी अडीच, त्रिवत्सा तीन वर्षांची. नरांची नावं वेगळी! पण त्याच यादीत पुढे वशा, म्हणजे वांझ गाय येते. इथे वय सुटलं. पाणिनी (5.3.91) तर 'वत्स'ला प्रत्यय लावून 'वत्सतर' करतो: वासरूपण ओसरत चाललेलं. मादी ती वत्सतरी. मला हा शब्द फार आवडतो, रेघ न आखताच काम भागवतो.

तक्त्याला ती मुभा नसते. 2012च्या पशुगणनेत देशी मादीसाठी रेघ तीन वर्षांवर आहे, संकरित असेल तर अडीचवर. म्हणजे चार वर्षांची न व्यालेली देशी कालवड मोठ्या गाईंच्या गटात, 'एकदाही न व्यालेली' या रकान्यात जाते. तुम्ही फक्त लहान वयाचे रकाने बेरजेत घेतलेत, तर नेमक्या उशिरा गाभण राहणाऱ्या सुटतात. आणि चाराटंचाईवर लिहिणाऱ्याला त्याच तर हव्या असतात.