रत्नागिरीची खोती आणि उपरी कुळे

रत्नागिरीत खोत सरकारचा सारा भरी आणि कुळांकडून भातपिकाचा बहुधा अर्धा वाटा, म्हणजे अर्धेल, घेई. वर वेठ निराळीच. 1880 च्या खोती कायद्याने 1845 पासूनची अखंड वहिवाट दाखविणाऱ्या कुळास कायम हक्क दिला. पण निरक्षर कुळाजवळ कागद कोठला? हिशेब तर खोताच्या घरी! राहिलेली ती उपरी कुळे. मक्ता वाढला आणि पेलवला नाही, की जमीन सुटे.

येथे आम्हांस अल्स्टरची प्रॉटेस्टंट कुळे आठवतात. 1770 च्या सुमारास लॉर्ड डोनेगलने नव्या पट्ट्यांसाठी जबर नजराणा मागितला. जमीनदारही प्रॉटेस्टंटच; तरी कुळे हुसकली गेली आणि बंडास उठली.

आमच्याकडे बंड झाले ते नांगर खाली ठेवून. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, चरी येथे, नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून सुमारे सहा वर्षे कुळांनी खोतांची जमीन कसली नाही. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. आंबेडकरांनी, ज्यांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरीतलेच, मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर गेले. विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने, चरीचा संप सुरू झाल्यावर सोळा वर्षांनी.