परवाना माणसाला की यंत्राला? छोट्या पल्ल्याच्या वायरलेसची गोष्ट

ब्लूटूथ इअरफोन वापरण्यासाठी आपण कुणाकडे परवाना मागत नाही. पण तोच रेडिओ सेन्सरच्या रूपात शेतात किंवा नदीकाठी बसवायचा म्हटलं, की समितीत प्रश्न येतो: "बँड कोणता? ईटीए आहे का?" मग "तो फ्री बँड आहे, सर" असं उत्तर दिलं जातं. हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. का, ते समजायला थोडं मागे जाऊ.

सुरुवातीला रेडिओचा परवाना माणसाला किंवा केंद्राला मिळायचा. अमेरिकेत १९३४ च्या कम्युनिकेशन्स अ‍ॅक्टनुसार कुठलंही प्रक्षेपण करायला परवाना लागायचा. आपल्याकडे तर १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्टनुसार वायरलेस यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना हवा होता. घरातल्या आजी-आजोबांना विचारा, रेडिओचं लायसन्स पोस्टात भरायचे ते सांगतील. तो रेडिओ तर फक्त ऐकायचा होता!

पहिली फट पडली १९३८ मध्ये. त्या सुमारास अमेरिकन बाजारात घरगुती बिनतारी वस्तू येऊ लागल्या होत्या. फिल्को कंपनीचा 'मिस्टरी कंट्रोल' हा त्यातला प्रसिद्ध. टेलिफोनसारखी डायल फिरवून खोलीच्या दुसऱ्या टोकाचा रेडिओ बदलायचा. प्रत्येक गिऱ्हाइकाला परवाना देणं एफसीसीला शक्य नव्हतं. मग त्यांनी व्यवहारी तोडगा काढला. तरंगलांबी भागिले २π एवढ्या अंतरावर क्षेत्राची तीव्रता १५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटरच्या आत असेल, तर परवाना नको.

ही मर्यादा जरा आकडेमोड करून बघा. १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर, म्हणजे अंतर साधारण ४८ मीटर. घर आणि अंगण त्यात आरामात बसतं. पण १०० मेगाहर्ट्झला तेच अंतर अर्ध्या मीटरहून कमी होतं. म्हणजे नियम त्या काळच्या कमी वारंवारतेच्या उपकरणांना नजरेसमोर ठेवून केला होता. वरच्या बँडमध्ये तो गळफासच ठरला. त्यामुळे पुढची काही दशकं एकेका वस्तूसाठी वेगळी सवलत जोडत जावं लागलं.

दुसरा मोठा टप्पा १९८५ चा. एफसीसीमधले अभियंते मायकेल मार्कस यांनी 'स्प्रेड स्पेक्ट्रम' हे लष्करी वापरातलं तंत्र नागरी वापरासाठी खुलं करायचा विचार पुढे रेटला. १९८१ मध्ये सुरू झालेली ही प्रक्रिया ९ मे १९८५ ला निर्णयापर्यंत पोचली. ९०२ ते ९२८, २४०० ते २४८३.५ आणि ५७२५ ते ५८५० मेगाहर्ट्झ या तीन बँडमध्ये १ वॅटपर्यंत परवान्याशिवाय प्रक्षेपण करायची मुभा मिळाली.

हेच बँड का? कारण ते आधीच गोंगाटाचे होते. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेपासून २४५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय यंत्रांसाठी राखलेला. मायक्रोवेव्ह ओव्हन त्यातलाच. संवादासाठी या जागेची कुणाला फारशी ओढ नव्हती, म्हणून ती देणं सोपं गेलं. वाय-फायचं पहिलं मानक, ८०२.११, याच जागेवर १९९७ मध्ये उभं राहिलं.

मुभेसोबत दोन अटी मात्र कायम राहिल्या: तुमच्यामुळे दुसऱ्याला त्रास होता कामा नये, आणि दुसऱ्याचा त्रास तुम्ही सोसायचा. वापरणाऱ्याला परवाना नाही म्हटल्यावर या अटी पाळल्या जातात हे बघायचं कुणी? इथे भार यंत्रावर गेला. बाजारात येण्याआधी यंत्र प्रयोगशाळेत तपासायचं, निर्मात्याने प्रमाणपत्र घ्यायचं. परवाना रद्द झाला नाही, तो माणसाकडून यंत्राकडे सरकला. माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार हेच.

भारतात हा टप्पा २००५ मध्ये आला. २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा बँड परवान्यातून मुक्त केला: प्रेषकाची शक्ती जास्तीत जास्त १ वॅट, अँटेनाचा लाभ धरून ४ वॅट. त्याच वर्षी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झही खुला झाला. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. यंत्राला मात्र दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे उपकरण प्रकार मान्यता, लागतेच.

आता याचा आपल्या संशोधनाशी संबंध काय? दोन उदाहरणं बघा.

पहिलं, लोरा मॉड्यूल. युरोपात लोरावॅनचे ठरलेले चॅनेल ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ मेगाहर्ट्झ. आपला बँड ८६८ ला संपतो. म्हणजे युरोपीय सेटिंग तसंच ठेवलं तर आपण ०.१ मेगाहर्ट्झने नियमाबाहेर! अमेरिकी ९१५ चं मॉड्यूल तर इथल्या मोबाइलच्या पट्ट्याला जाऊन भिडतं. मॉड्यूलवर परदेशी प्रमाणपत्राचा शिक्का असला तरी तो त्या त्या देशापुरता. युरोपात त्याच चॅनेलवर आणखी एक अट आहे: एकूण वेळेच्या १ टक्काच बोलायचं, म्हणजे तासाला ३६ सेकंद. तिकडचा पेपर वाचून 'डेटा एवढा कमी का घेतला' असं वाटलं, तर कारण कधीकधी विज्ञानात नसतं, कायद्यात असतं.

दुसरं, अँटेना. २.४ गिगाहर्ट्झचं १०० मिलिवॅटचं, म्हणजे २० डीबीएमचं यंत्र घेतलं. त्याला २४ डीबीआयची डिश लावली की बेरीज ४४ डीबीएम, साधारण २५ वॅट. मर्यादा ४ वॅट. यंत्र तेच, कागद तोच, पण मान्यता ज्या जोडणीला होती ती जोडणी आता राहिलीच नाही.

म्हणून प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात चार गोष्टी जरूर लिहा: नेमकी वारंवारता, अँटेनासह शक्ती, किती वेळ प्रक्षेपण केलं, आणि कोणत्या नियमाखाली. पुढे कुणी तुमचा प्रयोग दुसऱ्या देशात करून बघेल, तेव्हा आकडे का जुळत नाहीत हे त्याला या चार ओळींतूनच कळेल.