‘सुटीचे हृदय’ : दिनदर्शिकेतून उलगडलेला विकार

१/ १९७८ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात डॉ. फिलिप एटिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ रुग्णांमधील हृदयाचा ताल बिघडल्याच्या ३२ प्रसंगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सारे नियमित व भरपूर मद्यपान करणारे होते. मात्र हृदयरोगाची अन्य उघड लक्षणे त्यांच्यात नव्हती.

२/ दुवा सापडला तो तारखांत. बहुतेक रुग्ण रविवार ते मंगळवार या काळात, अथवा नाताळ ते नववर्षाच्या सुमारास दाखल झाले होते. म्हणूनच या विकाराला ‘हॉलिडे हार्ट’ हे नाव मिळाले.

३/ सर्वाधिक आढळला तो एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त साकळून गुठळी होते आणि ती मेंदूत पोहोचल्यास पक्षाघात ओढवतो.

४/ २०१५ मध्ये म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये संशोधकांनी तीन हजारांहून अधिक जणांचा ईसीजी स्मार्टफोनच्या साहाय्याने जागेवरच नोंदवला. श्वासातील मद्याचे प्रमाण जितके अधिक, तितकी तालातील बिघाडाची शक्यता अधिक. त्यातही मुख्यतः ठोक्यांची वाढलेली गती.

५/ मग मद्य सोडल्याने लाभ होतो काय? २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत हा विकार असलेले १४० मद्यपी होते. सहा महिन्यांत नेहमीप्रमाणे पिणाऱ्यांपैकी ७३ टक्के जणांत तो उलटला. मद्य सोडण्यास सांगितलेल्यांत ५३ टक्के. सुटीच्या तारखांतून सुचलेल्या संशयाला चार दशकांनी उपचाराचे रूप आले.