पुलाखालचा लाल दीपस्तंभ

न्यूयॉर्कला कुणी नातेवाईक असतील तर त्यांना सांगा, हडसन नदीकाठचा छोटा लाल दीपस्तंभ बघून या. उंची जेमतेम 40 फूट. 1921 मध्ये तो इथे उभा केला आणि 1931 ला डोक्यावरच जॉर्ज वॉशिंग्टन पूल आला. पुलाच्या झगमगाटात याचा दिवा कोण बघणार? 1948 ला बंद, 1951 ला लिलावात काढायचं ठरलं.

पण 1942 साली त्याच्यावर लहान मुलांचं गोष्टीचं पुस्तक आलं होतं. ते वाचलेली पोरंसोरं, आईबाप, सगळेच ओरडले. लिलाव रद्द! दीपस्तंभ शहराच्या उद्यान विभागाकडे गेला, डागडुजी झाली, 2002 मध्ये दिवा पुन्हा लागला.

आपल्याकडे जुना वाडा पडला की मी बातमी छापतो, तीही पडल्यानंतर. त्या वाड्याची गोष्ट आधी पोरांना कुणी सांगितलेली असते का?

आत मात्र ठरावीक दिवशीच सोडतात, चौकशी करूनच जा.